वेटरच्या खिशात राहिलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे. तळहाताएवढी, लाल काठाची, प्लास्टिकमध्ये बंद केलेली. माझ्या एका बाजूला मराठीत लिहिलं आहे, 'मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. एक दाणासुद्धा चालत नाही. तेलात, चटणीत, भांड्याला लागलेलाही नाही.' दुसऱ्या बाजूला हेच परक्या भाषेत आहे म्हणे. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत. माझं अर्धं अंग काय बोलतं ते मलाच ठाऊक नाही. डोकं चक्रावेल की नाही?

मला तयार केलं ठमीच्या आईने. ठमी तेव्हा आठ वर्षांची होती. त्याआधी एकदा दाणा पोटात जाऊन तिचा घसा सुजला होता, श्वास अडकला होता, आणि आईने तेव्हापासून धसकाच घेतला होता. परदेशी निघण्यापूर्वी तिने ती भाषा शिकवणाऱ्या बाईंकडून मला तीनदा तपासून घेतलं. अगदी चोख आहे, असं बाई म्हणाल्या. मी फुगून गेले.

तिथल्या पहिल्याच हॉटेलात मला बाबांनी पुढे केलं. ठमीचे बाबा भारी भिडस्त. आपल्यामुळे कुणाला तसदी नको म्हणून ते जरा जास्तच हसले, मला दोन्ही हातांनी वेटरला दिलं आणि मान लववली. त्या गडबडीत माझी मराठी बाजू वर राहिली. वेटरने ती अनोळखी अक्षरं पाहिली, तोही हसला आणि त्याने मला शर्टाच्या खिशात ठेवलं. आता मला आचाऱ्याकडे नेतील, म्हणून मी वाट पाहू लागले. शेजारी एक पेन होतं. आत भांडी वाजत होती, फोडणी तडतडत होती, पण मला कुणी बाहेर काढेना. माझं काम झालं की राहिलं? मला काही उमगेना.

थोड्या वेळाने वेटर त्यांच्या टेबलाशी वाकला. ताटल्या मांडल्या गेल्या. आईने विचारलं, आत वाचली ना चिठ्ठी? वाचली असणार, बाबा म्हणाले, किती आपुलकीने घेतली त्याने. मी आत घुसमटत होते. तेवढ्यात ठमी हळूच म्हणाली,

"बाबा, चिठ्ठी यांच्या खिशातच आहे. मग आचाऱ्यांनी वाचली कधी?"

माझा लाल काठ तिला दिसला होता. तिनेच मला ओढून काढलं आणि उलटं करून वेटरसमोर धरलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. त्याने आधी तिची ताटली उचलली, मग आचाऱ्याला बोलावलं. आचाऱ्याने मला वाचलं, ताटलीतल्या दाट सॉसकडे बोट दाखवलं आणि जोरजोराने नकारार्थी मान हलवली. त्यात दाणे वाटून घातले होते. वेटरला मी पाहुण्यांनी दिलेली आठवणीची भेट वाटले होते.

"मला संकोच वाटत होता," बाबा म्हणाले, "आणि जीव हिचा जाणार होता."

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. त्यांचे कान लाल झाले होते, पण आचाऱ्याने वाचून उत्तर देईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

आता ठमी मोठी झाली आहे. ती मोबाइल दाखवते आणि मी जुन्या पासपोर्टांखाली पडून असते. माझी कुठली बाजू खरी, याचा गोंधळ अजून सुटलेला नाही. पण मित्रांनो, एवढं ऐका. मला नुसतं देऊन बसू नका. समोरचा हसला म्हणजे त्याने वाचलं, असं नसतं. मला स्वतःहून खिशाबाहेर येता येत नाही.