मी 'थोल': निमूट नसलेला शब्द

मी एक इंग्रजी शब्द आहे. थोल. मोठ्या कोशात माझ्यापुढे लिहिलंय, 'जुना, दुर्मिळ, निमूटपणे सोसणे.' त्यातलं 'निमूटपणे' वाचलं की माझं डोकं फिरतं.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, कोळ्यांच्या तोंडी मी वाढलो. हेरिंग मासे चिरताना कापलेल्या बोटांना मीठ झोंबलं की बायका मला उच्चारायच्या. माझा अर्थ सोसणंच. पण दात आवळून, आणि कोणामुळे आवळावे लागले ते ध्यानात ठेवून.

एल्स्पेट मेअर त्यांच्यातलीच. तिचा नवरा वॅटी बोटीसकट बुडाला. फळ्या कुजल्यात, हे त्याने मालकाला तीनदा सांगितलं होतं. "भीती वाटत असेल तर बटाटे लाव जा," एवढंच उत्तर मिळालं होतं.

चौकशी बसली. एल्स्पेट उभी राहिली. "इतकी वर्षं आम्ही थोल केलं, साहेब. आता नाही करणार."

कारकुनाची लेखणी थांबली. "बाई, असा शब्द नाही."

"तुमच्याकडे नसेल."

"म्हणजे धीर धरला, असंच ना?"

"धीर धरणारा कशाची तरी वाट बघतो, दादा. आम्ही कशाची बघायची?"

"पुढचा साक्षीदार," साहेब म्हणाले.

कारकुनाने मला नाइलाजाने ठेवलं; कागदावर उतरलं, 'विधवेने दुःख धीराने थोल केले. तक्रार नाही.' मालक सुटला.

ती ओळ वर्तमानपत्रात आली. तिथून एका कादंबरीकाराने मला उचललं आणि हात जोडून, डोळे मिटून थोल करणारी एक गरीब विधवा रंगवली. शहरातले वाचक रडले. कोशवाल्यांनी उदाहरण घेतलं ते त्याच पानावरचं. माझा एवढा अपमान कोळ्यांच्या शिव्यांमध्ये राहूनही कधी झाला नव्हता.

एल्स्पेटची मुलगी जेसी तोवर शाळेत शिकवायला लागली होती. तिने ते पान आईला वाचून दाखवलं.

"ही कोण बया?" एल्स्पेट म्हणाली.

"तू, आई."

एल्स्पेट म्हणाली, "लिही त्या कोशवाल्यांना."

कोशवाल्यांचं सभ्य उत्तर आलं. पुरावा छापील हवा, तोंडी चालत नाही. जेसीने आईचं वाक्य आणि बोटीची सगळी हकिकत वर्तमानपत्रांकडे धाडली. तिघा संपादकांनी मालकाचं नाव गाळायला सांगितलं. तिने नकार दिला. चौथ्याने छापलं.

नव्या आवृत्तीत माझ्याखाली दुसरं उदाहरण आलं. 'आम्ही थोल केलं, आता नाही करणार. – एक कोळीण.' 'निमूटपणे' मात्र जागचं हललं नाही.

म्हाताऱ्या एल्स्पेटने त्या ओळीवर बोट ठेवलं. "वॅटीचं नाव कुठंय?"

"नाही घेतलं, आई. माझंही नाही, तुझंही नाही."

तिने कोश मिटला आणि जेसीला परत दिला.

आता मी फक्त कवितांत सापडतो. लोक म्हणतात, किती सुंदर शब्द. नका म्हणू मला सुंदर. कोणाच्या तोंडून मी ऐकू आलो, तर माझा अर्थ शोधत बसू नका. समोरच्याला विचारा, कोणामुळे? आणि तो सांगेल ते नाव लिहून घ्या.