वगळलेलं वाक्य

अडतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासल्यामुळे त्यांना सगळे अनुस्वारराव म्हणत. शब्दाच्या डोक्यावरचं एखादं टिंब गळालं तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही करण्याआधीसुद्धा त्यांनी त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या होत्या. असला चिकित्सक माणूस संमोहनाला तयार झाला, याचंच वॉर्डात नवल चाललं होतं.

कारण साधं होतं. मागच्या ऑपरेशननंतर दोन दिवस ओकाऱ्यांनी त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि ते दोन्ही दिवस बायको उशाशी बसून होती. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. पुतण्या फोनवर म्हणाला होता, "काका, काही लागलं तर सांगा हं." म्हणजे सांगू नका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भूल तर देणारच आहोत. पण त्याआधी पंधरा मिनिटं संमोहन केलं, तर बऱ्याच जणांना नंतर दुखणं, मळमळणं कमी होतं." अनुस्वाररावांनी लगेच मान हलवली. एकट्याने ओकत पडायची त्यांनी धास्तीच घेतली होती.

पित्ताशय काढायच्या दिवशी सकाळी संमोहनवाल्या बाई आल्या. त्यांनी पडदा ओढला आणि हातातल्या कागदावरून सावकाश वाचायला लागल्या. श्वास, खांदे, पापण्या, सगळं यथासांग झालं. मग आवडती जागा विचारली. अनुस्वाररावांनी घरचं स्वयंपाकघर सांगितलं. बाई जरा चमकल्या. लोक बहुधा समुद्रकिनारा सांगतात.

"तुम्ही खिडकीजवळ स्टुलावर बसलात," बाई म्हणाल्या. "कोवळं ऊन आहे. सगळीकडे शांतता. तुम्ही अगदी एकटे आहात. त्रास द्यायला कोणीच नाही."

अनुस्वाररावांनी खाडकन डोळे उघडले. "हे वाक्य काढा."

"कुठलं, काका?"

"ते कोणीच नाही वालं. ते मला घरी रोज फुकट मिळतं. त्यासाठी इथे कशाला येऊ?"

बाई हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. इतकी वर्षं त्या हेच वाचत होत्या. कुणी तक्रार केली नव्हती. त्यांनी पेन काढून ते वाक्य खोडलं. "मग कोणाला बसवू तिथे?"

"बसणारी नव्हती हो ती. उभीच असायची. आणि तोंडाचा पट्टा चालू."

"काय म्हणायच्या?"

जन्मभर त्यांनी बायकोच्या बोलण्यातही चुका काढल्या होत्या. आता मात्र जसंच्या तसं सांगितलं. "स्टूल सरकवा तिकडे, मला वाट नाही. पाय वर घ्या, फरशी ओली आहे. सांगितलेलं एकदा तरी ऐकाल तर शपथ!"

बाईंनी ते लिहून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या हलक्या आवाजात रागवत होत्या. "पाय वर घ्या" आलं तेव्हा अनुस्वाररावांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांचा श्वास मात्र संथ झाला होता.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळपर्यंत मळमळीचा पत्ता नव्हता. टाके थोडे ओढल्यासारखे वाटत होते, तेवढंच. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. सिस्टर म्हणाली, "सगळे पेशंट तुमच्यासारखे असते तर! तुमच्याकडे बघावंच लागत नाही." आणि ती पलीकडच्या खाटेकडे गेली. तिथला माणूस कण्हत होता. बहीण त्याचे पाय चेपत होती, मेहुणा सगळ्यांवर डाफरत होता.

अनुस्वारराव छताकडे बघत पडून राहिले. मागितलेलं सगळं पदरात पडलं होतं, आणि त्यामुळेच आता त्यांच्याकडे कोणी फिरकणार नव्हतं. त्यांना फार एकटं वाटलं. त्यांनी घंटा दाबली.

सिस्टर लगबगीने आली. "दुखतंय?"

"हो."

"कुठे?"

त्यांनी पोटावरून हात फिरवला. एकदा इकडे, एकदा तिकडे. दाखवायला जागा सापडेना.

"कुठेच नाही," ते म्हणाले. "जरा बसा ना."

सिस्टरने घड्याळाकडे बघितलं, पलीकडच्या खाटेकडे बघितलं.

"पाचच मिनिटं हं, काका," ती म्हणाली आणि तिने खुर्ची ओढली.