तीन भोंगे

मी प्रदर्शनं मांडतो. म्हणजे काय करतोस रे, असं लोक विचारतात. तर इतिहास अशा बेताने मांडतो, की पोरांनी बटणं दाबावीत, दिवे लागावेत आणि वीस मिनिटांत सगळ्यांनी कँटीन गाठावं. आमचं ऑफिस ठाण्यात. गेल्या वर्षी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका बंद कंपनीचं काम आमच्याकडे आलं. तिच्या जागेवर टॉवर उठत होते. बिल्डरने एक शेड तेवढी ठेवली होती आणि तिच्यात स्वातंत्र्यानंतर देश कसा उभा राहिला, त्याचं संग्रहालय करायचं होतं. तो उभा करणारी माणसं शेडच्या मागच्या चाळीतच होती, पण ती दिसू नयेत म्हणून मध्ये उंच भिंत घातली होती.

माझा सगळा जीव होता भोंग्यात. कंपनीचा खराखुरा भोंगा मी भंगारातून शोधला, दुरुस्त करून घेतला, हवेच्या टाकीला जोडला. दोरी ओढली की तो वाजणार आणि समोरच्या नकाशावर दिवे लागणार. पहिल्यांदा धरणं, मग रेल्वे, मग कारखाने. तीनदाच का? तर एकदा ओढून पोरं पळून जायची. तीन ठेवल्यावर थांबायला लागली. या चाचण्या आम्ही ठाण्यात, स्पीकरवर बेताच्या आवाजात घेतल्या होत्या.

कलावती आजी त्या मागच्या चाळीतल्या. त्यांचा नवरा विठ्ठल भट्टी खात्यात होता आणि १९८३ साली तिथेच भाजून मेला. कंपनीच्या पत्रात अपघात हा शब्दच नव्हता. 'सेवा समाप्त' एवढंच होतं. ते पिवळं पडलेलं पत्र आजींनी मला दाखवलं आणि नवऱ्याचा पितळी बिल्ला माझ्या हातावर ठेवला.

"हा ठेवा तुमच्या म्युझियममध्ये," त्या म्हणाल्या. "पण खाली लिहा, आमचे हे कामावर असताना मेले. एवढं कुठंतरी लिहिलेलं मला बघायचंय. मग मी मरायला मोकळी."

"लिहितो, आजी," मी म्हटलं, आणि तेव्हा मनापासून म्हटलं.

त्यांचं बोलणं मी दोन तास रेकॉर्ड केलं. त्यातली चाळीस सेकंद वापरली: पहाटेचा भोंगा झाला की चाळीतल्या बायका भाकऱ्या थापायला बसायच्या, तेवढीच. बाकीचं परत ऐकलं नाही. खरं तर तेव्हाही ऐकलं नव्हतं. रेकॉर्डर चालू होता आणि मी मान डोलवत मोबाइल बघत होतो.

मग बिल्डरच्या माणसाने, साकेतने, कार्डाचा मजकूर वाचला.

"अरे, 'मेले' काय? शेजारी सँपल फ्लॅट आहे आपला. पॉझिटिव्ह ठेव ना यार."

मी भांडलो. दोन दिवस भांडलो, मग गप्प बसलो. कार्ड छापून आलं: विठ्ठल, भट्टी खातं, सेवाकाळ १९६४ ते १९८३. आजींना सांगायचं मी आज-उद्या करत राहिलो.

सव्वीस जानेवारीला सकाळी अकराला उद्घाटन झालं. पाहुण्यांनी फोटोसाठी हसत हसत दोरी तीनदा ओढली. तो भोंगा पूर्ण हवेवर कसा वाजतो, ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. छातीत बसत होता. दिवे लागले, टाळ्या झाल्या.

पाच-सात मिनिटांत गेटवर बायका दिसल्या. सात-आठ म्हाताऱ्या. एकीचे हात पिठाचे, एक अनवाणी, एकीला सून दंडाला धरून आणत होती. कुणी ओरडत नव्हतं. सगळ्यांच्या पुढे कलावती आजी, धापा टाकत.

"काही झालेलं नाही, आजी. घरी जा," वॉचमन म्हणाला.

"त्या दिवशी पण हेच सांगितलेलं," आजी म्हणाल्या.

मी धावत गेलो. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही, आजी. आज उद्घाटन आहे. भोंगा आम्हीच वाजवला."

"तीन वाजवलेत." त्यांना अजून दम लागला होता. "एक झाला तर कामाची पाळी. तीन झाले तर अपघात, बायकांनी गेटवर यायचं. सांगितलेलं की तुम्हाला, बसून!"

सांगितलं असणार. त्या दोन तासांत कुठेतरी.

मागे पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर केले. साकेत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भारी आयडिया रे! आधी सांगायचंस तरी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजी आत बिल्ल्याच्या पेटीपाशी गेल्या, मागोमाग बायका. काचेवरून कार्डावर बोट फिरवत त्यांनी एकेक अक्षर लावलं. शेवटच्या आकड्यापाशी बोट थांबलं.

"पुढं?"

"जागा कमी पडली, आजी."

त्यांनी मान वर करून तो वीस फुटी नकाशा बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"कामावरून सुटलेला माणूस घरी येतो. आमचे हे का नाही आले, ते कोण लिहिणार?"

पेटीची किल्ली माझ्या खिशात होती. पेनही होतं. साकेत पाच पावलांवर पाहुण्यांना चहा देत होता.

"बघतो, आजी," मी म्हटलं.

आजींनी काचेवरचं बोट काढलं. बायकांना घेऊन निघाल्या. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेलो. त्या गेटपाशी पोचल्या असतील, तेवढ्यात आत कुणाच्या तरी पोराने दोरी ओढली. एक भोंगा झाला. दुसरा झाला. बायका चालत होत्या. तिसरा झाला आणि सगळ्यांचे पाय थांबले.

आता तर त्यांना ठाऊक होतं. तरी त्या मागे वळल्या आणि शेडच्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या, कुणाला उचलून बाहेर आणतात, ते बघत. दारात मी होतो.