सव्वा ग्रॅमची फेक

चाळीस वर्षं कवळ्या बनवून मी एकच गोष्ट शिकलो. माणसाला तोंड मिळतं, अक्कल मिळेलच असं नाही. डॉक्टर मंडळी मापं घेऊन पाठवायची, त्या मापावर प्लास्टरचा साचा ओतून दात मी बसवायचो आणि कौतुक डॉक्टरांचं व्हायचं. त्या डॉक्टरांबद्दल लिहायला बसलो तर कागद पुरणार नाही, म्हणून जावयाबद्दल लिहितो.

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आमचा ग्रह वक्री असता तरी काही मजा होती. हा नुसताच मंद. आठवडाभर पाण्याचे मीटर तपासायचा आणि सुट्टीच्या दिवशी तलावावर मासे धरायचा. बोलायचा इतकं कमी की अर्धं वाक्य तोंडातच ठेवायचा. हसताना हात तोंडापुढे. जेवायला बसला की सगळ्यांची ताटं घासून झाली तरी याचं चालूच. सफरचंद दिलं तर सुरीनं नखाएवढ्या फोडी करून एकेक फोड गालात सरकवायचा. “राजकन्या जेवतेय,” मी मुलीला म्हणायचो. ती म्हणायची, “बाबा, हळू बोला, ऐकू जातंय.” ऐकू जावं म्हणूनच मी बोलत असे.

लग्नाला दोन महिने असताना हा तलावाच्या दगडांवरून घसरला आणि वरचे पुढचे दोन दात तिथेच ठेवून आला. मासा मिळाला नाही तो नाहीच. माझ्या मुलीशेजारी असलं भगदाड उभं राहणार, ही कल्पनाच मला सहन होईना. मी स्वतः माप घेतलं आणि एका दिवसात प्लेट बनवली. दोन दात, त्यामागे टाळूला बसणारा गुलाबी भाग, दोन्ही बाजूंना तारेचे आकडे. रंग असा जुळवला की खरे कुठले आणि खोटे कुठले ते डॉक्टरलाही कळू नये. लग्नातला त्याचा हसरा फोटो मोठा करून मी कामाच्या खोलीत लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, ओळखा बघू. “कशी बसली?” मी तेव्हा विचारलं होतं. “छान,” तो म्हणाला. त्याला सगळंच छान असतं.

आता माझ्या हाताचं. चाळीस वर्षं कोरणी आणि घासायचं यंत्र धरून उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला. हाताच्या डॉक्टरीणबाईंनी गुरुवारी ऑपरेशन ठरवलं. “दुखणं जाईल, पण पकड किती येईल ते आत्ता सांगता येणार नाही,” असं त्या म्हणाल्या. म्हणजे काय, ते मला कळलं. मी धंदा बंद केला. खोली तशीच ठेवली, फक्त दारावरची पाटी काढली.

रिकामा हात वळवळायला लागतो. कवळीच्या हिरड्यांसाठीच्या उरलेल्या गुलाबी अॅक्रिलिकचे तुकडे कोरून मी त्यांचे मासे करायला लागलो. चिंचोक्याएवढे लूर, म्हणजे माशाला फसवायचे खोटे मासे, पोटात आकड्याची तार, शेपटीला मुंगीएवढा गळ. वजन बरोबर सव्वा ग्रॅम, तराजूवर तोललेलं. असे चाळीस केले. मुलगी हसली. “बाबा, हिरड्या पोहायला निघाल्यात!” जावयानं एक उचलून उजेडात धरला, पाण्याच्या वाटीत सोडून त्याची शेपटी हलते का बघितलं आणि म्हणाला, “छान आहेत.” इतका अपमान माझा कुणी केला नव्हता.

मग मी मनाशी ठरवलं. गुरुवारच्या आत या हातानं हा लूर तलावातल्या लव्हाळ्यापर्यंत फेकायचा आणि त्यावर मासा धरायचा. लव्हाळा काठापासून पंचवीस पावलांवर. त्यापुढे या हाताचं काय व्हायचं ते होवो.

शुक्रवारी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणजे बोलणारी जाहिरात. कार्बन काय, बेअरिंग काय, परदेशी तंत्र काय. मी म्हणालो, “मला अल्ट्रालाइट हवी. सगळ्यात हलकी.” त्यानं सहा काठ्या काढल्या. मी खिशातून तराजू काढला.

“हे काय?” तो म्हणाला.

“तुमच्या जिभेपेक्षा खरं बोलणारं यंत्र,” मी म्हणालो.

तराजूवर वाटी पालथी घालून एकेक काठी मी तिच्यावर आडवी तोलली. दुकानातली दोन माणसं बघायला जमली. एक पिवळट, फायबर ग्लासची, बुचाच्या मुठीची काठी शहाण्णव ग्रॅम भरली. ती मी बाजूला ढकलली. काळी, चकचकीत, ताठ कण्याची एक बहात्तर भरली. तीच घेतली. मुठीच्या वर बारीक अक्षरांत काही आकडे होते, पाच ते अठरा ग्रॅम असे काहीतरी. ते छापणाऱ्याला काय अक्कल, काठी बहात्तरची होती हे मी स्वतः तोललं होतं. बरोबर छोटं रीळ घेतलं आणि दोरा घेतला चांगला मजबूत, बैल बांधला तरी तुटू नये असा. दुकानदार म्हणाला, “आजोबा, हा दोरा या रिळाला…” मी म्हणालो, “चाळीस वर्षं तार वाकवलीय. दोरा मला शिकवू नका.”

शनिवारी एकटाच तलावावर गेलो. पहिली फेक चार पावलांवर पडली. दुसरी तीन. जोर लावला तर लूर माझ्याच टोपीला लागला. जाडा दोरा रिळावरून वेटोळी घेत उसळायचा आणि कड्यांत अडकून बसायचा. काठी लाटण्यासारखी ताठ, लूर तिच्या टोकाला आहे हे तिला माहीतही नव्हतं. शेजारी एक माणूस पोरांच्या खेळण्यासारखी काठी घेऊन बसला होता, तो खोकल्याचं निमित्त करून हसला. सतराव्या फेकीला अंगठ्यातून अशी कळ गेली की मी खालीच बसलो. लव्हाळ्यात मासे टपाटप उड्या मारत होते. तेही हसतच असणार.

घरी मुलीनं दोऱ्याचा गुंता पाहिला.

“बाबा, त्यांना विचारा ना.”

“कुणाला?”

“कुणाला काय! घरात माणूस आहे, पंधरा वर्षं हेच करतोय.”

“पंधरा वर्षं करून दोन दात घालवले, एवढंच ना?”

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि उठून आत गेली. अशा बघण्याची मला सवय आहे. ही तिच्या आईची देणगी.

रविवारी सकाळी जावई दारात उभा. हातात कापडी पिशवीत गुंडाळलेली काठी आणि एक चपटा डबा.

“बाबा, येता?”

मी नाही म्हणणार होतो. पण गुरुवार चार दिवसांवर होता आणि नाक किती वर ठेवायचं यालाही मर्यादा असते. “बघू तरी तुमचा दिव्य खजिना,” म्हणालो आणि निघालो.

तलावावर त्यानं पिशवी सोडली. आत पिवळट, बुचाच्या मुठीची काठी. शुक्रवारी मी बाजूला ढकलली होती तिची जुनी बहीण.

“शहाण्णव ग्रॅम,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाठ करून डब्यात काहीतरी ठेवत होता. मग वळला, टोपी पुढे ओढली आणि माझ्या थोडा मागे, एका बाजूला उभा राहिला. “बाबा, तुम्ही काठी हाताला हलकी बघितलीत. ती लूरला हलकी हवी,” तो म्हणाला. बोलणं जरा बोबडं, पण वाक्य पूर्ण. आठ वर्षांत ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य होतं ते. तलावावर याची जीभ कशी काय सुटते, असं मनात आलं.

त्यानं माझाच एक गुलाबी लूर केसासारख्या बारीक दोऱ्याला बांधला आणि टोकापासून वीतभर खाली लोंबू दिला. मूठ किंचित हलवली. काठीचं टोक लवलं. सव्वा ग्रॅमला. मग माझ्या काळ्या काठीला तोच बांधून तसंच हलवलं. टोकाचं हूं की चूं नाही.

“वाकली तरच ती फेकते. नाहीतर सगळा जोर तुमच्या अंगठ्याला करावा लागतो. आणि रीळ काठोकाठ भरलेलं हवं, नाहीतर बारीक दोरा कडेला घासून अडतो. तो आकडा छापलेला असतो बघा मुठीच्या वर, तो काठीच्या वजनाचा नाही. ती किती वजन फेकते त्याचा.”

“दुकानदारानं सांगायला नको?”

“तो सांगत असेल,” जावई म्हणाला. एवढंच. मला खरं तर त्याचा राग यायला हवा होता.

“जोर करू नका. दोन बोटांत धरा, अंगठा नुसता टेकवा. मागे नेल्यावर एक क्षण थांबा, ती वाकल्याचं हाताला कळेल. मग सोडा. फेकून झाल्यावर रिळावरची तारेची कमान मात्र हातानं बंद करा, म्हणजे गुंता होत नाही.”

मी थांबलो. हाताला खरंच कळलं. सोडला. लूर बाणासारखा सरळ गेला आणि लव्हाळ्याच्या अलीकडे दोन हातांवर टप् पडला. अंगठा दुखला नाही. मी पुन्हा फेकला. पुन्हा. चौथ्या फेकीला लव्हाळ्याला चाटून पडला, मी दोन वळसे गुंडाळले आणि काठी मुठीपर्यंत वाकली.

तळहाताएवढा मासा. हसू नका, तळहात माझा आहे आणि गळही माझा. सव्वा ग्रॅमचं गुलाबी अॅक्रिलिक त्याच्या ओठात घट्ट रुतून बसलं होतं. आनंद झाला म्हणजे किती, मी त्या जावयाच्या पाठीवर थाप मारली!

“चिमटा कुठाय?”

“डब्यात… थांबा, मी देतो,” तो घाईनं म्हणाला. पण मी डबा उघडला होता.

चिमट्याच्या कप्प्यात प्लेट होती. दोन दात, गुलाबी टाळू, तारेचे आकडे. माझी प्लेट.

मी ती हातात घेतली. मासा जावयानं सोडवला की नाही, ते मी बघितलंही नाही. डावीकडची कड गळाला धार लावायच्या कानशीनं घासली होती, एकदा नाही, वर्षानुवर्षं, इतकी की तिथून उजेड आरपार दिसत होता. एक आकडा पक्कडीनं मागे वाकवलेला. आतल्या बाजूला, हिरडीला टेकते तिथे, एक उंचवटा होता. माप घाईत घेतलं, साच्यात एक बुडबुडा राहिला की असा उंचवटा येतो. शिकाऊ मुलगा असता तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, आणि मी या माणसाला फक्त दाखवायचे दिले होते. फोटोसाठी.

सफरचंदाच्या फोडी आठवल्या. उशिरापर्यंत चालणारं ताट आठवलं. राजकन्या आठवली. मला लाज वाटली. सत्तरीत येणारी लाज फार वाईट असते, ती घालवायला वेळ उरलेला नसतो.

“आठ वर्षं?”

तो तोंडापुढे हात धरून उभा होता. “सवय झाली, बाबा.”

“दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची होतीस.”

“तुम्हाला कळलं असतं.”

“माझ्या मुलीला माहीत होतं?”

“ती सांगणार होती. मीच नको म्हटलं. तुम्ही तो फोटो लावलाय ना.”

चाळीस वर्षं मी गाढवं मोजली. एक मोजायचं राहिलं होतं.

मी त्याची काठी मधल्या सांध्यातून हळूच सोडवून पिशवीत घातली, गाठ मारली आणि उठलो.

“बाबा, अजून दोन तास मासे लागतील. लव्हाळ्यात पुष्कळ आहेत. गुरुवारनंतर परत कधी…”

“मासे गेले खड्ड्यात,” मी म्हणालो. “गुरुवारपर्यंत हा हात माझा आहे. एक दिवस मापाला, दोन दिवस कामाला. ऊठ.”

घरी येऊन कामाच्या खोलीतल्या सामानावरचा धुळीचा कपडा मी ओढून काढला, जावयाला खुर्चीत बसवलं, मापाचा लगदा कालवला. कालवताना अंगठ्यातून कळा येत होत्या, मी दोन बोटांत चमचा धरला आणि अंगठा नुसता टेकवला. भिंतीवर फोटोतला जावई हसत होता. मी फोटो उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग माप तोंडात बसवलं आणि लगदा घट्ट होईपर्यंत धरून उभा राहिलो, या वेळी घाई न करता.

काढल्यावर विचारलं, “दुखलं?”

“नाही. छान.”

“खोटं बोलशील तर तलाव बंद करून टाकीन. कुठे दुखतं?”

त्यानं सवयीनं हात तोंडापुढे नेला. मी तो खाली ओढला. मग त्यानं तोंड पूर्ण उघडलं आणि बोट लावून दाखवलं.