चाळीस लिटरची परीक्षा

शिडाची जुनी बोट दुरुस्त करण्यात कप्तानाची सहा वर्षं गेली होती. 'कप्तान' हे नाव शेजारच्या वहिनींनी ठेवलेलं. एरवी तो दुकान बंद करून घरी बसलेला चष्मेवाला, आणि बंदराबाहेर एकदाही न गेलेला. आता दोन महिन्यांत बायकोला घेऊन वर्षभराच्या सफरीवर निघायचं होतं. फक्त फ्रिज बसवायचा राहिला होता.

दुकानदारानं दोन दाखवले, चाळीस लिटरचा आणि पासष्टचा. "दोघांना चाळीस रग्गड. मोठा घेतलात तर बॅटऱ्या वाढवा, सोलर पॅनेल वाढवा, जागा शोधा."

कप्तानाची धास्ती वेगळीच होती. "येशील ना?" विचारलं की बायको "येईन की" म्हणायची, पण दाताच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखी. आपल्या हौसेपायी ती फरफटत येतेय, निमित्त मिळालं की अंग काढून घेईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आणि तिच्याशिवाय जायची त्याची तयारी नव्हती.

शेवटी त्यानं घरच्याच फ्रिजमध्ये फूटपट्टी घालून चाळीस लिटर मोजले आणि तिथे निळी चिकटपट्टी लावली. "महिनाभर एवढ्यातच भागवून बघू."

"आणि नाही भागलं तर?"

"मग बघू," असं तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. निमित्त आपणच हातात दिलं की!

तीन आठवडे सगळं बिनबोभाट चाललं. दूध, लोणी, अंडी पट्टीच्या आत शिस्तीत बसलेली. कप्तान खूश होता, फक्त थंडगार सोड्यावाचून त्याचा जीव कासावीस व्हायचा. एका दुपारी बायको झोपलेली पाहून तो दोन बाटल्या बगलेत मारून वहिनींकडे गेला.

"या, आणखी एक गिऱ्हाईक!" वहिनींनी हसत फ्रिज उघडला. खालचे दोन्ही कप्पे गच्च भरलेले: कोबी, अर्धं कलिंगड, उरलेली उसळ, झाकणाचे चार डबे. डबे सगळे त्याच्याच घरचे.

कप्तान मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे तिला नाहीच जमलं. संपलं, वहिनी. ती काही येत नाही."

"भावजी, जन्मभर लोकांना चष्मे दिलेत, स्वतःला एक ठेवायचा होता! तुम्ही बोटीवर गेलात की ती हे सगळं लपवून आणते. तुम्हाला कळलं तर म्हणाल, तुला जमायचं नाही, तू घरीच थांब. ती धसकाच घेऊन बसलीय."

कप्तानानं घरी येऊन बायकोला यातलं काही कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पासष्टचा फ्रिज, जादा बॅटऱ्या आणि पॅनेल मागवलं आणि जागा करायला स्वतःच्या हातानं बनवलेलं हत्यारांचं कपाट उखडून काढलं.

फ्रिज बसवायला दोघंही बोटीवर गेली. बायकोनं चार इंची फोमचे तुकडे कापून दिले, थंडावा टिकावा म्हणून त्यानं ते फ्रिजभोवती ठासून बसवले. कॉम्प्रेसर बाकाखाली गेला आणि त्याला हवा मिळावी म्हणून बाकाला जाळी लावली.

"अहो, पण आपल्याला चाळीस पुरत होतं ना?" फोम धरून तिनं साळसूदपणे विचारलं.

"पुरत होतं की. वहिनींना बोटीवर घेतलं असतं, तर."

ती कानापर्यंत लाल झाली. "कधी कळलं?"

"माझा सोडा ठेवायला गेलो तेव्हा."

तिनं फोमचा तुकडा त्याच्या पाठीत हाणला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "तुम्हाला खरंच वाटलं मी येणार नाही?"

"तू 'येईन की' म्हणतेस कशी ते ऐकलंयस कधी?"

"भीती वाटते हो. पोहता कुठे येतं मला? पण वर्षभर तुम्ही समोर नसाल, त्याची जास्त भीती वाटते."

कप्तानानं फ्रिजचं बटण दाबलं. कॉम्प्रेसर हळूच गुणगुणायला लागला. तिनं आत हात घालून पाहिलं, दार लावलं आणि पदराला हात पुसले.

"मग, निघायचं कधी?" तिनं विचारलं.

सहा वर्षांत हे तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं.