द्रोण धरून उभा

मी एक जुना टॅपासिन आहे. हसू नका, मित्रांनो. वय तीन दिवसांचंच, पण आम्हा प्रथिनांत तीन दिवस म्हणजे म्हातारपण. खालापूरजवळच्या गावात पोपटदादा राहतात, रसायनीला कामाला जातात. त्यांच्या उजव्या गालाच्या आतल्या एका पेशीत माझा जन्म झाला. गालात राहत असल्यामुळे त्यांचं बोलणं मला जवळून ऐकू येतं.

गावात हरिनाम सप्ताह बसला की पोपटदादा वीणेचा पहारा करतात. वीणा जमिनीला टेकवायची नसते. वेळ संपली तरी पुढचा माणूस येतो, पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो, तोवर पहिल्याने उभंच राहायचं. माझंही काम देवाने तसंच दिलं आहे.

पेशीच्या आत सतत काही घडतं, काही मोडतं. त्या मोडतोडीचे बारीक तुकडे आमच्या खोलीत येतात. खोलीत पानाच्या द्रोणासारखं एक प्रथिन तयार होतं. द्रोणात एक तुकडा ठेवायचा आणि पेशीच्या दारावर पाठवायचा. बाहेर पहारेकरी पेशी फिरत असतात. त्या डोकावून बघतात. तुकडा घरचा असेल तर पुढे जातात, बिघडलेला दिसला तर त्या पेशीलाच संपवतात. याला आम्ही ‘दाखवणं’ म्हणतो. पण रिकामा द्रोण फार नाजूक. धरला नाही तर कोलमडतो. म्हणून मी काठ धरून उभा राहतो. सैल बसणारा तुकडा काढून टाकतो, घट्ट बसला की मगच द्रोण सोडतो.

एके काळी या खोलीत आम्ही खूप जण होतो म्हणे. आमच्यात आधीचा नव्याला सांगून जातो, त्यामुळे मला ठाऊक. पलीकडच्या पेशीत एक आगंतुक विषाणू शिरला, तिथल्या आमच्या भावंडांनी त्याचा तुकडा वेळेवर दाखवला, पहारेकरी धावले आणि सगळा गाल वाचला. असे दिवस होते.

मग चुना लावलेल्या तंबाखूची गोळी रोज याच गालात बसू लागली. पहाऱ्याला डुलकी येऊ नये म्हणून धरलेली ही सवय, देवाच्याच कामाला. वर्षं गेली. गालाला पांढरा चट्टा पडला. आमची पेशी बिघडली, आणि बिघडता बिघडता तिने आम्हाला घडवायची कृती लिहिलेलं आपल्या पोथीतलं पानच मिटून टाकलं. जुने गेले, माझ्यानंतर नवे येईनात. आता मी एकटा उरलो. बिघडलेले तुकडे ढिगाने पडले आहेत, पण धरायला हात एकाचेच. बाकीचे द्रोण रिकामे किंवा अर्धवट भरलेले जातात आणि दारातच विस्कटतात. पहारेकरी येतात, काही दिसत नाही, निघून जातात.

आज सप्ताहाचा शेवटचा दिवस. दुपारी पोपटदादांचा पहारा संपला, तरी पुढच्या पाळीचा गजा आला नाही. ते उभेच. शेवटी तो धावत आला.

“किती येळ रं गजा? पाय मोडले माजे.”

“टेंपो मिळंना, दादा. आन गालात काय? देवाफुडं तरी थुकायची व्हती!”

“तंबाखू नाय रं. सूज हाय.”

गजा हसायचा थांबला. पाया पडून त्याने वीणा घेतली.

दादांच्या बायकोने, नंदाकाकींनी, त्यांच्या हातावर काल्याचा प्रसाद ठेवला. तोंड बोटभरच उघडलं. दही झोंबलं, लाही रक्ताने लाल होऊन बाहेर आली.

“अवो, कर्जतला दाखवा म्हून महिना झाला सांगते मी!”

“दाखवायचं काय त्यात? चुना लागलाय.”

“चुना चार महिने लागतो व्हय?”

“सप्ता संपू दे गं. मग बघू.”

“सप्ता आजच संपला की!”

दादा तोंडातल्या तोंडात म्हणाले, “सोमवारी जाऊ.”

आज बुधवार आहे, मित्रांनो. सोमवारी मी नसेन. या चार-पाच दिवसांत या एका पेशीच्या दोन होतील, दोनांच्या चार, आणि त्यातल्या एकीतही द्रोण धरणारा नसेल. पोपटदादांचा गळा गोड आहे. तो किती दिवस गाईल, मला ठाऊक नाही.

मी तुमच्याकडे एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी “चुना लागलाय” म्हणालं, तर सोमवारची वाट बघू नका. त्याला तोंड उघडायला लावा आणि दवाखान्यात न्या. आतलं बाहेर दाखवणं हे आमचं काम होतं. आमच्याच्याने आता होत नाही, ते तुम्ही करा.

माझ्या हातात अजून एक रिकामा द्रोण आहे. माझी वेळ संपली आहे. पोपटदादांकडे उशिरा का होईना, गजा आला. माझ्याकडे कुणी येणार नाही. तरी मी तो खाली ठेवलेला नाही.