लग्नाचे फटाके

यारंडू गावाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण तो आठवणारी मी एकटीच उरले होते. शाळा बंद, दारूचा गुत्ता बंद, गव्हाची गाडी बंद. रूळसुद्धा गेल्या वर्षी उपटून नेले. वाचणार कोण, असं मी गावच्या कमिटीला विचारलं. कमिटी म्हणजे तरी काय, चार म्हातारे आणि एक किटली.

सगळं लिहून झालं, फक्त सत्तावन्न सालाचं पान कोरं राहिलं.

त्या जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, माझं लग्न होतं. वडील नव्हते, म्हणून थोरला भाऊ वॉली मला चर्चमध्ये नेणार होता. तो इंजिन ड्रायव्हर, दुपारी गव्हाची मालगाडी घेऊन यायचा होता. रेल्वेवाल्याच्या घरी लग्न असलं की रुळावर फटाके बांधायची आमच्याकडे रीत. इंजिनाचं चाक वर आलं की बार उडायचा. एरवी तेच फटाके धोक्याच्या इशाऱ्याचे. वाजले की ड्रायव्हरने गाडी थांबवायची.

त्या दिवशी उन्हाने रूळ वाकला. लाइनीचा मुकादम अर्न ट्रेगेन याने तो पाहिला आणि गाडी येते त्या बाजूला पळत जाऊन रुळावर तीन फटाके बांधले. ते वाजले. वॉलीने थांबायचं सोडून लांबलचक शिट्टी दिली. पाच मिनिटांत गाडी घसरली आणि तो इंजिनाखाली होता.

चौकशीत अर्न म्हणाला, फटाके बांधले होते, गावाला विचारा. गावाने बार ऐकलेच नाहीत म्हणून सांगितलं. मेलेल्या पोराला कोण दोष देणार? मीही तेच सांगितलं. अर्नची नोकरी गेली, आणि बायको-मुलीला घेऊन तो गाव सोडून गेला.

पुस्तकाचं कानावर आल्यावर गेल्या गुरुवारी त्याची मुलगी ग्लेनिस माझ्याकडे आली. आता तीही साठीची. अर्न गेल्या हिवाळ्यात वारला, म्हणाली.

"मर्ल मावशी, मरेपर्यंत बाबा एकच सांगत होते, बांधले होते म्हणून. शेवटी शेवटी आईसुद्धा नुसती बरं बरं म्हणायची. तुम्ही ऐकले होते का?"

मी नवरीचे कपडे घालत होते, असं सांगणार होते. पण साठ वर्षं खोटं बोलून माझी जीभ थकली होती.

"ऐकले गं. तिन्ही ऐकले. आरशासमोर उभी राहून हसले मी. म्हटलं, आला आमचा वॉली."

ग्लेनिसने कप खाली ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

"माझ्या लग्नाच्या खुशीत तो मेला, हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं?"

पिशवीतून तंबाखूचा एक जुना डबा काढून तिने माझ्यापुढे उघडा ठेवला. आत सहा फटाके होते, गंजलेले, न उडालेले.

"हे तुमच्या लग्नाचे," ती म्हणाली. "तुम्ही दोघं निघणार होतात त्या संध्याकाळच्या गाडीला बाबा बांधणार होते."